या यति : एका वेलांटीचं प्रकरण

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३. रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी मी आमच्या ग्रुपवर तीन अक्षरांची ओळ टाकली : 'या यति'. ही अक्षरं फिरवून एका गाजलेल्या पुस्तकाचं नाव लावायचं होतं. मिनिटाभरात दोन उत्तरं आली. वरचं 'ययाती', खालचं 'ययाति'. उत्तर देणाऱ्या दोघांचे गुण तोवर बरोबरीत होते, म्हणजे फेरी कोणाची हे या एका ओळीवर ठरणार होतं. मी निकाल दिला आणि त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर एकही कोडं आलं नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण पुस्तकांच्या आणि नाटकांच्या नावांची अक्षरं फिरवण्याचा हा खेळ जे जे मराठीत खेळतात, त्यांना ही वेलांटी कधी ना कधी आडवी येणारच. आम्हाला ती साडेतीन वर्षांनी आली.

खेळणारे

आम्ही नऊ जण. सांगलीला कॉलेजात असताना एकत्र एकांकिका बसवायचो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात नाटकाचं वेड लागायला वेगळं कारण लागत नाही. पुढे पांगलो. एक नागपूरला मराठी शिकवते, एक न्यूजर्सीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, एक पुण्यात मुद्रितशोधन करतो, एक कोल्हापूरला दुकान सांभाळतो. बाकीचे मुंबईच्या आसपास. २०२० च्या टाळेबंदीत ग्रुप पुन्हा जागा झाला आणि कोणीतरी गंमत म्हणून एका नाटकाच्या नावाची अक्षरं विस्कटून टाकली. तेव्हापासून दर रविवारी रात्री नऊला फेरी असते. कोडं घालणारा आळीपाळीने बदलतो आणि त्या दिवशीचा निकालही तोच देतो. एकमेकांना आम्ही गावाच्या नावानेच हाक मारतो, म्हणून इथेही तसंच लिहिते.

अक्षर की वर्ण

इंग्रजीत ॲनाग्राम करताना सुटी अक्षरं हलवायची असतात आणि एकेक अक्षर म्हणजे एकेक खूण, तिथे प्रश्नच नाही. मराठीत पहिल्याच महिन्यात आम्ही अडलो, कारण 'कोसला' या नावात हलवायचं नेमकं काय? अक्षरं धरली तर तीन : को, स, ला. वर्ण धरले तर सहा : क्, ओ, स्, अ, ल्, आ. वर्ण सुटे केले की 'कोसला'तून 'लोकसा' निघतं, 'कालसो' निघतं. महिनाभर तसं खेळून पाहिलं. उत्तर सांगितल्यावरसुद्धा लोकांना पटायला वेळ लागायचा, कारण 'स'मधला तो न दिसणारा 'अ' डोळ्यांना सापडत नाही. सोडवण्याचा आनंद जाऊन हिशेब तपासण्याचं काम उरलं.

मग ठरलं की अक्षर फोडायचं नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर हे सगळं ज्याचं त्याच्यापाशीच राहील आणि अख्खं अक्षर जागा बदलेल. हे आपल्या कानालाही जवळचं आहे. आपण बाराखडी शिकतो ती अक्षरांची. मोठ्या अभंगाचं सहा-सहा-सहा-चार हे मोजमाप अक्षरांचं असतं. 'रामाला भाला मारा' किंवा 'टेप आणा आपटे' ही लहानपणची वाक्यं उलटी वाचतानाही आपण अक्षरंच उलटी घेतो.

न्यूजर्सीने मग तपासणीचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. एका चौकटीत कोड्याची ओळ, दुसऱ्या चौकटीत उत्तर, आणि दोन्हींतली अक्षरं तीच आहेत का ते तो सांगायचा. पहिल्या आठवड्यात तो प्रोग्राम फारच गोंधळला. युनिकोडमध्ये 'क्ष' हे एक अक्षर नसतं. क, हलन्ताची खूण आणि ष अशा तीन नोंदी ओळीने असतात. 'ति'मधली वेलांटी आपण त च्या आधी काढतो, पण साठवताना त आधी आणि वेलांटी नंतर. प्रोग्राम या नोंदी सुट्या मोजत होता, म्हणजे आम्ही नाकारलेला वर्णांचाच खेळ खेळत होता. त्याला अख्खं अक्षर धरायला शिकवल्यावरही 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वर तो पुन्हा अडला. 'ऱ्हा' दोन तऱ्हांनी टाइप होतं : नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे. तेही त्याने दुरुस्त केलं. त्यानंतर सगळ्यांचा त्या प्रोग्रामवर गाढ विश्वास बसला, माझा जरा जास्तच. पुढे जे झालं त्यात या विश्वासाचा वाटा आहे.

ओळ कशी असावी

नुसतं 'डीगवानरब' असं लिहिलं तर ते कोडं नव्हे, ते विस्कटलेलं कपाट. आम्हाला हळूहळू कळलं की फिरवलेल्या अक्षरांना स्वतःचा अर्थ हवा. सोडवणारा त्या अर्थात गुंतला पाहिजे आणि त्यातून बाहेर पडताना त्याला पुस्तक दिसलं पाहिजे. आमच्यात सगळ्यांत गाजलेली ओळ पुण्याची : 'डाग राजाला, जेव्हा गय येते'. 'रायगडाला जेव्हा जाग येते'ची अकराही अक्षरं तीच, आणि शिवाजी-संभाजी या बापलेकांच्या त्या नाटकात राजाला गय करता येते का हाच तर पेच आहे. ती ओळ पाहून मी किती वेळ नुसती बसून होते.

पण ती सुटली मात्र मिनिटाच्या आत. दिसायला हे उलटं वाटतं. त्या अकरा अक्षरांत 'ग' दोनदा आहे, तरी त्यांच्या १,९९,५८,४०० वेगवेगळ्या मांडण्या होतात. पण कोणी मांडण्या करत बसत नाही. 'व्हा' हे अक्षर असलेली नाटकांची नावं किती? 'येते'ने संपणारी किती? लांब नावात अशी एखादी खुंटी असतेच. जोडाक्षर आधी शोधायचं, मग ची-चा-चे शोधायचं. आपल्या पुस्तकांच्या नावात षष्ठीचा प्रत्यय फार वेळा येतो : गारंबीचा, श्यामची, बटाट्याची. 'ची' हाती लागली की तिच्या मागे कोण, पुढे कोण, एवढंच उरतं. खरी अवघड असतात ती चार-पाच-सहा साध्या अक्षरांची नावं. 'काजळमाया'ची 'या, काळ जमा' ही ओळ अशीच तीन दिवस पडून होती.

त्या रात्रीची फेरी

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या वर्षी तो रविवारीच आला आणि पाळी माझी होती. मी महिनाभर तयारी केली होती. चार ओळी, प्रत्येकीला एक गुण, जो आधी अचूक उत्तर देईल त्याला. न्यूजर्सीत त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती. आमच्या नऊ वाजता त्याच्याकडे साडेदहा, आणि तो कॉफी घेऊन तयार बसला होता.

पहिली ओळ सोपी ठेवली, 'फुलती राणी'. नागपूरने लगेच 'ती फुलराणी' लिहिलं. १९७५ चं नाटक, आमच्या पिढीने त्यातलं लांबलचक स्वगत एकांकिकेच्या निवड चाचणीत इतक्या जणींकडून ऐकलंय की ते ओळखायला कोणालाच वेळ लागला नसता. ती फक्त आधी पोचली.

दुसरी, 'मान पनामा'. संगीत नाटकांच्या नावातला 'संगीत' हा शब्द आम्ही गाळतो हे सगळ्यांना माहीत होतं. कोल्हापूर आणि मुंबईकर पनामाच्या मागे लागले आणि प्रवासवर्णनं आठवू लागले. न्यूजर्सीने चार मिनिटांत 'मानापमान' लिहिलं. खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं, पनामा कालवा खुला झाला १९१४ साली. म्हणजे नाव आधी आणि कालवा नंतर. मला हे फार आवडलं होतं. पाच अक्षरं, त्यात 'मा' दोनदा, म्हणजे मांडण्या फक्त ६०, आणि त्या साठांत एक अख्खा देश लपलेला.

तिसरी, 'नवाब रगडी'. नवाब म्हटल्यावर सगळे ऐतिहासिक कादंबऱ्यांत शिरले. पानिपत झालं, निजाम झाला, पेशवाई झाली. पंचवीस मिनिटांनी नागपूरने उत्तर दिलं : 'बनगरवाडी'. धनगरांच्या वस्तीवर गेलेल्या तरुण मास्तराच्या त्या कादंबरीत नवाबाचा वाराही नाही. ती नंतर म्हणाली, "मी नवाबाला सोडलं आणि 'वाडी' दिसली." तेवढ्यात सगळं आलं. शब्दांमधली मोकळी जागा ही कोड्यातली सगळ्यांत मोठी फसवणूक आहे. ती पुसून टाकल्याशिवाय नाव दिसत नाही.

चौथीवर मी सर्वांत जास्त खपले होते : 'शीतल वारा, को घाम'. आल्या आल्या मुंबईकरांनी हरकत घेतली, 'को' हा मराठी शब्द नाही. माझं उत्तर तयार होतं. आठवडाभरापूर्वीच कोजागरी झाली होती. 'को जागर्ति', कोण जागं आहे, त्यातलाच हा 'को'. 'कः'च्या पुढे घोष व्यंजन आलं की संधीने 'को' होतं आणि घ घोष आहे, तेव्हा 'को घाम' म्हणजे कुठला घाम, कसला घाम. नागपूरने अंगठा दाखवून हे मान्य केलं आणि व्याकरणाच्या त्या कौतुकात ती दोन मिनिटं कोड्यापासून दूर राहिली. तेवढ्यात न्यूजर्सीचं उत्तर आलं : 'घाशीराम कोतवाल'. आठही अक्षरं वेगळी, मांडण्या ४०,३२०, पण 'घा'ने सुरू होणारं नाटक आठवायचं तर दुसरं कोणतं आठवणार?

दोन-दोन अशी बरोबरी. राखून ठेवलेली पाचवी ओळ काढावी लागली.

या यति

ही ओळ मी बरोबरी फोडण्यासाठीच जपली होती. तीन अक्षरं, मांडण्या सहा, त्यातली एक ओळीतच खर्ची पडलेली. इथे बुद्धीपेक्षा वेगाचा कस होता. शिवाय ओळीत कादंबरीचा धागा होता : यति हा ययातीचा थोरला भाऊ, राज्य सोडून गेलेला तपस्वी. 'या यति' म्हणजे त्यालाच घातलेली साद. आणि रंगभूमी दिनाला पुस्तक का, तर वि. स. खांडेकर जन्मले सांगलीला. या कादंबरीला १९६० साली साहित्य अकादमी आणि पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीतलं पहिलं. आमच्या गावाची आठवण म्हणून शेवट यानेच करावा असं मनात होतं.

९:४१ ला नागपूर : 'ययाती'. ९:४१ लाच, तिच्या खाली, न्यूजर्सी : 'ययाति'.

मी दोन्ही उत्तरं प्रोग्रामच्या चौकटीत टाकली. पहिल्याला फुली आली, दुसऱ्याला बरोबरची खूण. मी ग्रुपवर लिहिलं : "'ययाती' नाही धरता येणार, शुद्धलेखन चुकलं. फेरी न्यूजर्सीची." त्याखाली टाळ्या आल्या. नागपूरकडून काही आलं नाही.

वीस मिनिटांनी तिचा लांब मजकूर आला. चिडलेला नव्हता, वर्गात फळ्यावर लिहावा तसा मुद्देसूद होता. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, आधी चौदा आणि १९७२ नंतर अठरा, त्यांत स्पष्ट आहे की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व इ-कारान्त आणि उ-कारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे. कवि नाही, कवी. गुरु नाही, गुरू. आणि हे व्यक्तींच्या नावांना, ग्रंथांच्या नावांना, शीर्षकांनाही लागू आहे. म्हणजे ययाती हा राजाही दुसऱ्या वेलांटीचा आणि ग्रंथही. मुळाप्रमाणे लेखन ठेवायची सवलत आहे ती केशवसुतांच्या आधीच्या कवितेला आणि चिपळूणकरांच्या आधीच्या गद्याला. १९५९ च्या कादंबरीला ती नाही. शेवटी एवढंच होतं : "माझं शुद्धलेखन चुकलेलं नाही. तुझ्या ओळीतलं चुकलंय. 'यती' हवं होतं."

सोमवार आणि मंगळवार

सकाळी ग्रुप दोन बाजूंना वाटला गेला होता.

कोल्हापूर तिच्या बाजूने. त्याने 'चिमा काय कामाची' हे वाक्य टाकलं. उलटसुलट सारखं म्हणून आपण सगळे हे लहानपणापासून म्हणतो, पण नीट पाहिलं तर पहिलं अक्षर 'चि' आहे आणि शेवटचं 'ची'. आजवर कोणी हरकत घेतली नाही, कारण कानाला दोन्ही एकच. हा मुद्दा मला बिनतोड वाटला. मराठीत शब्दाच्या शेवटचा इ आणि उ आपण दीर्घच उच्चारतो, 'ययाति' लिहिलं तरी तोंडातून 'ययाती'च निघतं. त्या नियमामागचं कारणही हेच. तेव्हा तोंडी खेळात हा वाद उद्भवलाच नसता. दोघांनी हाक मारली असती आणि ती आधी पोचली असती. वाद निर्माण झाला तो आपण बोलून नव्हे, टाइप करून खेळतो म्हणून.

पुणे विरुद्ध बाजूने. मुद्रितशोधक म्हणून त्याचं मत ठाम होतं. मजकुरातला शब्द नियमाप्रमाणे सुधारायचा, पण मुखपृष्ठावर छापलेलं नाव हे त्या पुस्तकाचं नाव असतं, ते सूचीत उतरवताना हात लावायचा नाही. कादंबरी नियमांच्या तीन वर्षं आधीची. तिच्या मुखपृष्ठावर पहिली वेलांटी आहे आणि नंतरच्या आवृत्त्यांनीही ती ठेवली. माणसाचं आडनाव नियमात बसत नाही म्हणून आपण बदलतो का, असं त्याने विचारलं.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या आणि म्हणूनच वाद संपत नव्हता. मी मुखपृष्ठ धरून बसले होते. सोमवारी दुपारी न्यूजर्सीने लिहिलं की गुण नागपूरला द्यावा. ती वर आहे हे उघड आहे, आणि ज्या प्रोग्रामने निकाल लावला तो त्याचा स्वतःचा आहे. स्पर्धकाच्याच तराजूने स्पर्धा मोजली गेली हे त्याला टोचत होतं. मला ते तोवर सुचलंच नव्हतं. ती त्यावर म्हणाली, "गुण नको मला." मग कोणीच काही लिहिलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी तिला फोन केला. निकालाची कारणं सांगायला गेले आणि पहिल्या दोन वाक्यांतच कळलं की ती निकालाबद्दल बोलतच नव्हती. ती म्हणाली, "अगं, पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांत मी ही पहिली वेलांटी लाल शाईने दुसरी करतेय. आणि तू नऊ जणांसमोर मला लिहिलंस, शुद्धलेखन चुकलं."

तिथे सगळं प्रकरण माझ्यासमोर उलगडलं. माझा निकाल बरोबर असेलही, मी दिलेलं कारण चुकीचं होतं. प्रोग्रामने जे तपासलं ते फक्त इतकंच की ओळीतली अक्षरं आणि उत्तरातली अक्षरं तीच आहेत का. शुद्ध काय आणि अशुद्ध काय हे त्याला ठाऊक नाही, त्याने तसं म्हटलंही नव्हतं. त्या फुलीवर 'शुद्धलेखन' हा शब्द मी लावला. यंत्राने सांगितलेल्या एका गोष्टीला मी दुसऱ्याच गोष्टीचं नाव दिलं आणि ते नाव नेमकं अशा माणसाला दिलं, जिचं आयुष्य त्यात गेलंय.

मी तिला विचारलं, "ओळीत 'ति' होती की 'ती'?"

"ति."

"तू उत्तरात 'ती' वापरलीस."

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "म्हणजे दिलेलं अक्षर मी बदललं. बरोबर आहे. अक्षर फोडायचं नाही, बदलायचं नाही, हे आपलंच ठरलंय. हे रविवारीच म्हणाली असतीस तर मी एक ओळही लिहिली नसती."

वेलांटी फोनने आपोआप सुचवली की बोटांनी सवयीने घेतली, हे तिलाही सांगता आलं नाही. मराठीच्या शिक्षिकेची बोटं 'ययाति' लिहिणारच नाहीत, हे मी ओळ निवडताना लक्षात घ्यायला हवं होतं. बरोबरी फोडण्यासाठी अशी ओळ टाकणं, जिच्यात एका खेळाडूचं रोजचं कामच त्याच्या आड येईल, ही त्या रात्रीची माझी खरी चूक. चार चांगल्या ओळींच्या आनंदात पाचवी मी फक्त वेगाच्या नजरेने पाहिली.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं की 'शुद्धलेखन चुकलं' हे विधान मागे घेते, नागपूरचं लेखन नियमाप्रमाणे शुद्धच आहे, आणि उत्तर न धरण्याचं कारण एवढंच की दिलेल्या अक्षरांत 'ती' नव्हती. गुण न्यूजर्सीकडेच राहिला. नागपूरनेच तसं सांगितलं.

काय बदललं

तीन गोष्टी ठरल्या. कोड्यातलं नाव शीर्षकपानावर जसं छापलंय तसंच धरायचं, आणि उत्तर आल्यावर कोडं घालणाऱ्याने त्या पानाचा फोटो टाकायचा. याने एक अनपेक्षित फायदा झाला : लोक खरोखर कपाटापाशी जाऊ लागले. 'बाइंडर' की 'बाईंडर', 'युगान्त' की 'युगांत', हे आठवणीवर सोडलं तर चुकतं. आणि अक्षरांच्या हिशेबात फरक मोठा पडतो, कारण 'युगान्त'मध्ये गा आणि न्त आहेत, 'युगांत'मध्ये गां आणि त.

दुसरं, नाव जुन्या लेखनातलं असेल तर ओळीसोबत तसं लिहायचं. त्याने कोडं किंचित सोपं होतं, हे मान्य करूनच हे ठरलं.

तिसरं न्यूजर्सीने सुचवलं. प्रोग्राम ओळ टाकण्याआधी तपासायला वापरायचा, उत्तरांचा निकाल लावायला नाही. निकाल माणसाने द्यायचा आणि कारण पूर्ण वाक्यात लिहायचं.

२६ नोव्हेंबर

पुढची फेरी लांबली. १२ तारखेच्या रविवारी लक्ष्मीपूजन होतं, १९ ला विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि त्या रात्री कोणाचीच खेळायची मनःस्थिती नव्हती. २६ ला पाळी नागपूरची होती. तिने एकच ओळ टाकली :

'रेडा वाचि बंदी'.

सहा अक्षरं. पहिली दहा मिनिटं ग्रुप पैठणला जाऊन बसला. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, तेव्हा संतांवरचं नाटक असणार, पुस्तक असणार. मुंबईकरांनी संतचरित्रं पालथी घातली. मीही त्याच वाटेला गेले, 'बंदी' म्हणजे वेदांवरची बंदी असं धरून. स्वतः रचलेल्या 'नवाब रगडी'तून मी काही शिकले नव्हते.

मग न्यूजर्सीने विचारलं, "वाचि? पहिली वेलांटी? तू?"

तिचं उत्तर लगेच आलं. "पोथीतलं रूप समज. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाप्रमाणे ठेवायला नियमाने परवानगी आहे."

"आणि ओळीतलं अक्षर उत्तरातही तसंच?"

"तसंच. चिरा पहिल्या वेलांटीचाच असतो ना, अरे?"

अर्धं मिनिट काही आलं नाही. ग्रुपवर वरच्या बाजूला फक्त तो लिहीत असल्याचं दिसत होतं. मग आलं : 'वाडा चिरेबंदी'.

ठरल्याप्रमाणे तिने शीर्षकपानाचा फोटो टाकला. एलकुंचवारांच्या नावाच्या वर, उजव्या कोपऱ्यात, तिच्या कॉलेजातल्या तिरक्या अक्षरात निळ्या शाईने 'सांगली' लिहिलेलं होतं.